व्यसन आणि नैराश्य: नागपूरच्या घरांमधून येणारे प्रश्न

दारू, खर्रा, गांजा, गोळ्या, सट्टा. यांपैकी कशात तरी अडकलेला माणूस आणि त्याच्यासोबत राहणारं घर, अशा दोघांसाठी हे पान आहे. मी समुपदेशक म्हणून अशा कुटुंबांशी रोज बोलते. प्रश्न जसे येतात तसेच ठेवले आहेत, काही तर बोलीतलेच. माझं मत आधीच सांगते. व्यसन सुटलं की मन आपोआप ताळ्यावर येईल, किंवा मन सावरलं की व्यसन आपोआप सुटेल, या आशेवर घरांची वर्षंच्या वर्षं जातात. दोन्हींवर उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवेत.

आधी काय येतं, दारू की डिप्रेशन?

दोन्ही प्रकार दिसतात. काही माणसं आधीपासून उदास असतात, झोप नसते, छातीवर ओझं असतं आणि संध्याकाळी दोन पेग घेतले की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं. माणूस आपल्या दुखण्यावर स्वतःच औषध शोधतो, हा विचार एडवर्ड खँत्झियन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९८५ साली मांडला. दुसरा प्रकार उलटा. आधी मन ठीक होतं, वर्षानुवर्षं पिण्याने ते खचत गेलं. बोडन आणि फर्ग्युसन या संशोधकांनी २०११ साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दोहोंपैकी एक आजार असला की दुसऱ्याची शक्यता साधारण दुप्पट होते असं दिसलं, आणि दारूकडून नैराश्याकडे जाणारी वाट जास्त ठळक वाटली. तिसरी गोष्ट म्हणजे सामायिक मुळं: घराण्यातून आलेला कल, लहानपणी खाल्लेला मार, जवळच्याचा मृत्यू, गेलेली नोकरी. त्यातून दोन्ही आजार सोबतच वाढतात.

घरात मात्र हा प्रश्न बहुतेक वेळा "चूक कोणाची" हे ठरवायला विचारला जातो. सासू म्हणते, लग्नानंतर प्यायला लागला. बायको म्हणते, आधीपासूनच पीत होता, तुम्ही लपवलंत. या भांडणातून कोणीच बरं झालेलं मी पाहिलेलं नाही. आधी काय आलं हे डॉक्टरला हवं असतं, कारण त्यावर औषध ठरतं. म्हणून डॉक्टर दोन गोष्टी हमखास विचारतात. दारू सुरू होण्याआधी कधी अनेक आठवडे मन असं बसलं होतं का? आणि मधे सर्वांत जास्त काळ दारू बंद होती, तेव्हा मन कसं होतं? याची उत्तरं घरच्यांनी आठवून ठेवली तर फार मदत होते.

घरी सगळं चांगलं आहे, मंग यायले टेन्शन कायचं?

नैराश्याला दुःखाचं कारण लागतंच असं नाही. घर स्वतःचं, पगार वेळेवर, मुलं शिकताहेत, तरी ते येतं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास राहणं किंवा कशातच गोडी न वाटणं ही त्याची मुख्य खूण. सोबत झोप आणि भूक बिघडते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, आपण कवडीमोलाचे आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात. पुरुषांमध्ये हे पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, आदळआपट, कोणाशी न बोलणं असं दिसतं.

हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका माणसाची बायको म्हणाली, "रविवारी तर्री-पोहे आणले की पहिले हेच तुटून पडायचे. आता प्लेट समोर असते, तर्रीवरचं तेल थिजून जाते, तरी हे चमचा फिरवतच बसतात." दारूबद्दल तिने त्यानंतर सांगितलं. मला ती प्लेट जास्त महत्त्वाची वाटली.

पिल्यावर तर तो हसतो, बोलतो. मग दारूने डिप्रेशन कसं येईल?

पहिल्या तासाभरात जे दिसतं त्यावर जाऊ नका. दारू मेंदूला मंद करते. मेंदूत शांत करणारी आणि चेतवणारी अशी दोन्ही प्रकारची रसायनं असतात. दारू शांत करणाऱ्या गाबाचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. रोज असं झालं की मेंदू तोल सांभाळायला उलट दिशेने जोर लावतो. ब्रेक दाबलेला असताना ॲक्सिलरेटरही दाबून ठेवावा, तसं. मग दारू उतरली की ब्रेक सुटतो आणि ॲक्सिलरेटर तसाच राहतो: धडधड, घाम, थरथर, विनाकारण भीती. ती घालवायला पुन्हा एक क्वार्टर.

आनंदाचंही तसंच. दारू डोपामाइन हे मेंदूतलं गोडी लावणारं रसायन एकदम वाढवते. महिनोन्‌महिने तसं झालं की साध्या गोष्टींनी ते हलेनासं होतं. पोरीचा निकाल, क्रिकेटची मॅच, मित्राचं लग्न, कशानेच आतून काही वाटत नाही.

आणि झोप. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते. पहाटे तीनला जाग, पंख्याकडे बघत पडून राहणं, कर्जाचा हिशोब, केलेल्या चुकांची यादी. नैराश्यातही पहाटे अशीच जाग येते. एकाच माणसात दोन्ही असले की ती वेळ सर्वांत वाईट असते.

दारू सोडली आणि उलट जास्तच उदास झाला. सोडून चूक झाली का?

नाही. या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण पुष्कळ घरं नेमकी इथे हरतात.

दारू थांबल्यावर पहिले काही दिवस शरीराचे असतात, नंतरचे आठवडे मनाचे. इतकी वर्षं दारूने झाकलेलं सगळं उघडं पडतं. झोप येत नाही, जीभ बेचव होते, माणूस एका जागी बसून राहतो. घरच्यांची अपेक्षा नेमकी उलट असते. आता सुटली ना, मग हसत का नाही? तोंड पाडून काय बसला आहे? नातेवाईक येतात आणि त्याच्यासमोर जुने प्रसंग उगाळतात. थोरला भाऊ उसने पैसे मागतो. दारू नसताना हे सगळं सहन करायची त्याची ही पहिलीच वेळ असते.

दारूमुळे आलेली उदासी बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत पुष्कळ उतरते, पूर्ण बंद ठेवली तरच. म्हणून पुष्कळ डॉक्टर नैराश्याचं पक्कं निदान करायला साधारण महिनाभर थांबतात. चार आठवड्यांनंतरही मन तसंच बसलेलं असेल तर तो वेगळा, स्वतंत्र आजार समजून उपचार करावे लागतात. मात्र आधीपासून नैराश्याचा इतिहास असेल, उदासी फार खोल असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर महिनाभर वाट पाहायची नाही, औषध लगेच सुरू होतं. हे डॉक्टरने ठरवायचं. "आधी तीन महिने पिऊ नको, मग बघू" असं कोणी सांगून परत पाठवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

या महिन्यात घराने काय करावं? जेवण वेळेवर द्या, कारण उपाशीपोटी तलफ वाढते. संध्याकाळी सहा ते नऊ ही त्याची जुनी वेळ, त्या वेळी त्याला एकटं सोडू नका. फुटाळा तलावावर चक्कर मारा, भाजी आणायला सोबत न्या, काहीही चालेल. पैशांचे आणि जुन्या अपमानांचे हिशोब महिनाभर बाजूला ठेवा. ते खरे आहेत, त्यावर बोलायचंही आहे, पण आत्ता नाही. आणि दाराशीच तोंडाचा वास घेणं थांबवा. त्याने न पिलेल्या दिवसाचीही त्याला शिक्षा मिळते.

घरीच एकदम बंद केली तर चालेल का?

कधीतरी पिणाऱ्याला चालेल. रोज पिणाऱ्याला, सकाळी उठल्यावर लागणाऱ्याला, न पिता हात थरथरणाऱ्याला अजिबात नाही. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके, म्हणजे फिट येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसणं, कोणी बोलवतंय असं वाटणं, दिवस कोणता हे न कळणं, ताप. यात जीव जाऊ शकतो. असं काही दिसलं तर "बाहेरचं लागलं" म्हणून अंगारा-धुपारा करत बसू नका, १०८ ला फोन करा. दवाखान्यात थरथर आणि झटके थांबवणारी औषधं काही दिवस देऊन ती कमी करत नेतात, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. आधी फिट आलेली असेल तर भरती होऊनच सोडायची.

डिप्रेशनच्या गोळ्यांचीच सवय लागली तर?

नैराश्यावरच्या गोळ्यांनी नशा होत नाही, तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून पुष्कळ लोक आठव्या दिवशीच "काही फरक नाही" म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायच्या असतात. एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता येते, म्हणून डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात.

सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, अल्प्राझोलामसारख्या. त्या ठरावीक दिवसांसाठीच असतात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकल स्टोअरमधून पुन्हा पुन्हा आणू नका. दारूसोबत तर कधीच नको, दोन्ही मिळून श्वास मंद करतात.

न सांगता जेवणातून देतात ते औषध द्यावं का?

नाही. ज्या गोळीवर दारू पिली की उलट्या, लालबुंद चेहरा, धडधड होते ती डायसल्फिराम. माणसाला माहीत असताना, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली ती उपयोगी आहे. भाजीत, कणकेत लपवून दिली आणि तो बाहेर पिऊन आला, तर रक्तदाब एकदम घसरून जिवावर बेतू शकतं. वरून एक दिवस त्याला कळतंच. मग तो घरचं जेवणच टाळतो आणि तुमच्यावरचा विश्वास जातो. आधीच उदास असलेल्या माणसाच्या मनात "घरचेच मला विष घालतात" हे बसलं की काढणं फार कठीण. जाहिरातीतल्या बिनवासाच्या, बिनचवीच्या पावडरींनाही हेच उत्तर. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. ती त्याला सांगून, त्याच्या हातात देऊनच घेतली जातात.

खर्रा नाही खाल्ला तर डोकंच चालत नाही. हे डिप्रेशन आहे का?

बहुतेक वेळा ती निकोटिनची तलफ असते. नागपुरात खर्रा हे व्यसन आहे असं मानतच नाहीत. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून घेतला आणि खिशात टाकला, झालं. निकोटिन रक्तातून दोनेक तासांत निम्मं होतं. म्हणून दर तासा-दोन तासाला चिडचिड येते, खर्रा तोंडात टाकला की जाते, आणि माणसाला वाटतं खर्रा टेन्शन घालवतो. ते टेन्शन मुळात आधीच्या खर्‍यानेच आणलेलं असतं. सुपारीचीही सवय वेगळी लागते आणि तोंड उघडेनासं होण्याचं ती मुख्य कारण आहे.

सोडल्यावर पहिले तीन दिवस सर्वांत जड, दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं. आधी नैराश्य होऊन गेलं असेल त्याने मात्र डॉक्टरला सांगूनच सोडावं. ब्युप्रोपिऑन नावाचं औषध नैराश्यावरही चालतं आणि तंबाखू सोडायलाही. पण दारू एकदम सोडत असलेल्याला ते देत नाहीत, कारण त्याने फिट येण्याचा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टरपासून काही लपवू नका. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत सरकारी सेवा आहे.

कॉलेजातल्या पोराच्या बॅगेत एमडी सापडलं. दोन दिवसांपासून तो उठतच नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, एक उत्तेजक अमली पदार्थ. ते उतरल्यावर काही दिवस माणूस अक्षरशः कोसळतो: झोप, भूक, खोल उदासी. या दिवसांत जिवाचा धोका जास्त असतो, त्याला एकटं ठेवू नका. मार आणि पोलिसांची धमकी आत्ता नको. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्या.

पिणं नाही, बिडी नाही. मोबाइलवर सट्टा लावून लाखोंनी बुडाला. हेही व्यसन का?

हो. जुगाराचं व्यसन वैद्यकशास्त्रात आजार म्हणून नोंदलेलं आहे. बुडालेले पैसे आज काढतो म्हणून पुन्हा लावणं ही त्याची खूण. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तरी चोरवाटा आहेत आणि मोहल्ल्यातले बुकी तर कायमचेच. दारूत शरीर बोलतं, इथे काहीच दिसत नाही. घराला कळतं तेव्हा वसुलीवाले दारात असतात. कर्ज उघडकीला येतं तो दिवस आणि त्यानंतरचा आठवडा सर्वांत धोक्याचा. त्या रात्री ओरडायचं ते ओरडा, पण त्याला सोडून झोपू नका. कर्ज फेडायला दागिने मोडायच्या आधी उपचार सुरू करा. नाहीतर हाती येणारे पैसेही तिथेच जातात.

पिल्यावर म्हणतो "मरून जातो". खरंच करेल का, की नाटक?

नाटक समजू नका. नशेत माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो. शुद्धीत जो विचार तो अडवून धरतो, तो नशेत पुढे सरकतो. शुद्धीत आल्यावर शांतपणे विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट त्याला बोलता येतं. फवारणीची औषधं आणि साठवलेल्या गोळ्या घराबाहेर किंवा कुलपात ठेवा. त्याच्यासोबत राहा. १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८.

पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात जायचं टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत शिक्षेचं जुनं कलम ३०९ ठेवलेलं नाही.

आता तर मलाच रडू येतं, मलाच झोप नाही. मी कोणाला सांगू?

ताई, काकू, तुम्हीसुद्धा पेशंट असू शकता, आणि ते सांगण्यात लाज नाही. वर्षानुवर्षं गेटच्या आवाजावर कान लावून बसलेल्या बाईला नैराश्य येणं नवल नाही. तो आला नाही तरी तुम्ही स्वतःसाठी ओपीडीत या. मारहाण होत असेल तर ती सहन करायला त्याचा आजार हे कारण पुरेसं नाही; १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि तुम्ही स्वतः तंबाखू किंवा गुडाखू घासत असाल, झोपेची गोळी घेत असाल, तर तेही सांगा. बायकांचं व्यसन लपलेलं राहतं म्हणून उशिरा सापडतं.

आठ महिने बंद होती, पोळ्याच्या करीला पुन्हा पिला. सगळं पाण्यात गेलं का?

आठ महिने कुठे जात नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मारबतीची मिरवणूक निघते, मित्र भेटतात, "आज तर चालते ना बे" म्हणतात. असे दिवस कॅलेंडरवर आधीच दिसतात: कर, होळी, लग्नाचा सीझन, बोनसचा दिवस. त्यांची तयारी आधी करायची. पण पुन्हा पिण्याच्या आधीचे पंधरा दिवस आठवून पाहा. पुष्कळदा झोप बिघडलेली असते, बोलणं कमी झालेलं असतं, गोळ्या "आता बरा आहे" म्हणून बंद केलेल्या असतात. नैराश्य आधी परतलेलं असतं, बाटली नंतर येते. दुसऱ्या दिवशी शिव्या देण्याऐवजी दवाखान्याची तारीख घ्या.

नागपुरात जायचं कुठे?

मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मनोविकार विभाग आहेत, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. "पागलखान्यात नेलं" हे ऐकावं लागेल म्हणून लोक तिथे जात नाहीत. चौकाला पडलेल्या "पागलखाना" या नावामुळे उपचार चुकवू नका. व्यसनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या सभा शहरात होतात, पैसे लागत नाहीत, नाव विचारत नाहीत. सभा आणि गोळ्या दोन्ही सोबत चालतात. "इथे आलास तर गोळ्या बंद कर" असं एखादा जुना सदस्य म्हणाला तर ऐकू नका.

खासगी केंद्र निवडताना विचारा: मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतो, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटता येतं का. साखळीने बांधणं कायद्याने मना आहे. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणारं आणि मारहाणीला उपचार म्हणणारं केंद्र टाळा. तिथून परतलेला माणूस आधीपेक्षा जास्त खचलेला असतो.

तो यायलाच तयार नाही.

पहिल्या फेरीला बहुतेक येतच नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजाराचे शंभरातले सुमारे ८६ लोक उपचाराविना होते. "दारूसाठी चल" म्हटलं की तो अडतो, "झोप येत नाही, ते दाखवू" म्हटलं की पुष्कळदा येतो. हे फसवणं नाही, झोप खरोखरच बिघडलेली असते. सकाळी, तो शुद्धीत असताना, एकानेच बोलावं. पाच जणांनी घेरू नये. ज्याचं तो ऐकतो असा मामा किंवा जुना मित्र असेल तर त्याला पाठवा. तरीही नाही म्हणाला तर तुम्ही एकट्या या. घराने वागणं बदललं की तो काही महिन्यांनी येतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटं, लिव्हर-शुगरचे रिपोर्ट, आधार कार्ड. शेवटची दारू कधी आणि किती घेतली हे लिहून आणा. त्यासोबत खर्रा, झोपेच्या गोळ्या, गांजा, जे असेल ते. आधी कधी फिट आली होती का, घराण्यात कोणाला नैराश्य किंवा व्यसन आहे का, कोणी जीव दिला होता का, हेही. सरकारी ओपीडीत सकाळी लवकर पोहोचा, डबा सोबत ठेवा. डॉक्टर त्याला एकट्याला आत बोलावतील तेव्हा बाहेर थांबा, मागे जाऊ नका.